अण्णांचं घड्याळ

दर शनिवारी सकाळी चहा पिताना आमच्याकडे एक यादी होते. बायको सांगते, अस्मादिक लिहितात आणि ती फ्रीजच्या दारावर लागते. रविवारी रात्री त्यातली उरलेली कामं पुढच्या शनिवारच्या यादीत जातात. ऑफिसात ह्यालाच आम्ही 'बॅकलॉग' म्हणतो आणि तो सांभाळायला एक माणूस पगार घेतो. घरी हेच काम फुकटात होतं.

जुलैतल्या एका शनिवारची यादी अशी होती: दळण, गाडीची पीयूसी, कन्येचे पावसाळी बूट (आधीचे सहा महिन्यांत लहान झाले), बाथरूमचा गळका नळ, पार्किंगसाठी सोसायटीकडे अर्ज, इस्त्रीचे कपडे आणि सगळ्यात खाली, अण्णांचं घड्याळ.

तसं ते काम सोपं होतं. घड्याळ न्यायचं, दुरुस्तीला टाकायचं, परत आणायचं. पण दिवाळीपासून जुलैपर्यंत ते यादीत सगळ्यात खालीच राहिलं. खालच्या कामांचं एक असतं, ती ओरडत नाहीत. नळ रात्रभर टपटपतो. दळण संपलं की पोळ्या होत नाहीत. घड्याळ मात्र बंद पडलं की गप्प बसतं.

आता अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. अण्णा एसटीत होते. वाई स्टँडवर वाहतूक नियंत्रक, म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलर. खिडकीत बसून रजिस्टरमध्ये गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि भोंग्यावरून पाचगणी, सातारा, स्वारगेट अशा गाड्या पुकारायच्या. लहानपणी मला वाटायचं की अण्णा बोलल्याशिवाय गाडी सुटतच नाही. मित्रांमध्ये त्यावर बराच भाव खाल्लाय.

१९७८ साली नोकरी लागल्यावर तिसऱ्या पगारातून त्यांनी एचएमटीचं 'जनता' घेतलं. पांढरी तबकडी, काळे आकडे, रोज चावी द्यायचं. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण एके काळी हातात एचएमटी असणं ही मोठी गोष्ट होती. लग्नात जावयाला, दहावी झाल्यावर मुलाला, रिटायर झाल्यावर साहेबाला, सगळ्यांना एचएमटी. सरकारी कंपनी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात झाली, आणि २०१६ च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. ती बातमी वाचून मी अण्णांना फोन केला होता. अण्णा म्हणाले, "कंपनी बंद पडली असेल. माझं घड्याळ चालू आहे."

रोज सकाळी आकाशवाणीवर सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की अण्णा घड्याळ मिळवायचे आणि चावी द्यायचे. क्रर्र, क्रर्र, क्रर्र. वीसेक वेळा. मग शर्टाच्या बाहीने काच पुसायची, मनगटावर चढवायचं आणि मग चहा. आमच्या घरातली सकाळ त्या आवाजाने सुरू व्हायची. मी अंथरुणात डोळे मिटून मोजत असायचो. ती वीस झाली की पुढचा आवाज "उठ रे" हा असायचा.

तर दिवाळीत आम्ही वाईला गेलो होतो तेव्हा अण्णांनी हे घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "मागं पडतंय रे. कधी कधी दुपारीच बंद पडतं. पुण्यात कुणाला तरी दाखव."

मी ते लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. आणि तिथेच राहिलं. म्हणजे बघा, आठ महिने ते घड्याळ पिंपळे सौदागर ते हिंजवडी आणि परत असा प्रवास करत होतं. अण्णा एसटीत असतानासुद्धा त्याने एवढं ट्रॅफिक पाहिलं नसेल.

...

अण्णांचा फोन नऊ वाजता येतो. रोज. साडेआठला जेवण, मग शतपावली, मग फोन. ह्या वेळापत्रकात गेल्या कित्येक वर्षांत बदल नाही.

आणि माझा टेक्सासच्या टीमबरोबरचा कॉल असतो साडेआठ ते साडेनऊ. तिकडे सकाळचे दहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात, मग तोच कॉल आमच्याकडे साडेनऊला सरकतो आणि मार्चमध्ये पुन्हा साडेआठला येतो. त्यांच्या उन्हासाठी आमची जेवणं वर्षातून दोनदा हलतात. अण्णांना एकदा हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "घड्याळ हलवून काय होतंय? गाडीची वेळ बदलायची." मुळात ह्या माणसाला घड्याळाला हात लावणं हाच गुन्हा वाटतो. मी त्यांना सांगितलं की अहो, आपली मुंबईसुद्धा १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ पाळत होती, बाकी देशाच्या ३९ मिनिटं मागे. त्यावर, "मुंबईवाल्यांचं काय सांगू नकोस," एवढंच उत्तर मिळालं.

असो. तर मार्च ते नोव्हेंबर अण्णांचा फोन बरोबर कॉलच्या मध्यावर येतो आणि मी तो कापतो. कापला की मोबाईल विचारतो, मेसेज पाठवू का? तयार मेसेज असतात. बोट लावलं की गेला. अण्णांच्या मोबाईलवर माझ्याकडून आलेले मेसेज उघडले तर वरपासून खालपर्यंत एकच ओळ दिसेल: 'कॅन आय कॉल यू लेटर?' अण्णांनी त्याला उत्तर द्यायचं कधीच सोडून दिलंय. आणि साडेनऊनंतर मी फोन केलाच, तर ते झोपलेले असतात. आई उचलते, "सगळं बरंय" म्हणते आणि आम्ही दोघं फोन ठेवतो.

त्यामुळे खरं बोलणं रविवारी सकाळी. होळीनंतर प्रत्येक रविवारी अण्णा शेवटी विचारायचे, "घड्याळ झालं का रे?" आणि मी म्हणायचो, "ह्या आठवड्यात नक्की." रिलीज आहे, क्लायंट आलाय, कन्येची परीक्षा, पाऊस. कारणं सगळी खरी होती हो. त्यात एकही थाप नव्हती. हीच तर गंमत आहे, माणूस खरी कारणं देऊन आठ महिने काढू शकतो.

आणि मग जुलैतल्या त्या शनिवारी यादीची शेवटची ओळ लिहिताना माझ्या लक्षात आलं, की अण्णांनी विचारणं बंद केलंय. गेले चार-पाच रविवार. मी आठवून बघितलं. नाही, एकदाही नाही.

मॅनेजरने स्टेटस विचारणं बंद केलं की प्रोजेक्ट गुंडाळणार हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला कळतं. पोटात तसंच काहीतरी झालं. मी दळण, पीयूसी, बूट सगळं तसंच ठेवलं आणि निघालो.

...

गाडी न नेता मेट्रोने गेलो. नाशिक फाट्याला स्कूटर लावली आणि थेट मंडईला उतरलो. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ही मेट्रो स्वारगेटपर्यंत झाल्यापासून पेठेत जाणं म्हणजे पार्किंगसाठी रक्त आटवणं राहिलेलं नाही. जमिनीखालून वर आलो तर समोर मंडई, भरपूर पाऊस आणि छत्र्यांची मारामारी. एकाने सांगितलं होतं त्याप्रमाणे दोन बोळ ओलांडले आणि दुकान सापडलं. दुकान म्हणजे दोन फळ्यांएवढी जागा. आत अण्णांच्याच वयाचे एक घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून वाकून बसलेले. मागच्या भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ.

मला राहवलं नाही. विचारलं, "ह्यातलं बरोबर कुठलं?"

त्यांनी मान वर केली नाही. "बरोबर वेळ मोबाईलमध्ये बघा. ही आजारी घड्याळं आहेत."

पुण्यात आल्यासारखं वाटलं.

मी रुमाल सोडला. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, कानाला लावलं. मग चावी दिली. क्रर्र, क्रर्र, क्रर्र. मी नकळत मोजायला लागलो. वीस. मागचं झाकण उघडून भिंगातून दोन मिनिटं बघितलं. मग एका छोट्या मशीनवर ठेवलं. हे मशीन टिकटिक ऐकतं आणि घड्याळ दिवसाला किती पुढे किंवा मागे जाईल ते सांगतं. 'जनता' सेकंदाला ५ वेळा टिकटिकतं, म्हणजे तासाला १८,००० वेळा. त्यातली एक-एक टिक ते मशीन मोजत होतं. मी डेमो देताना क्लायंटच्या तोंडाकडे बघतो तसा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"दिवसाला दहा सेकंद पुढं," ते म्हणाले. "ह्या वयात ह्याच्याहून चांगलं काय हवं?"

"पण हे मागे पडतं. बंद पडतं दुपारी."

"घड्याळाला काही झालेलं नाही. आतून स्वच्छ आहे, कुणीतरी दोन-तीन वर्षांपूर्वी तेलपाणी केलंय." त्यांनी झाकण बसवलं आणि पहिल्यांदाच डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे बघितलं. "चावी कोण देतं ह्याला?"

"वडील."

"वय?"

"बहात्तर."

"पुरती चावी बसत नाहीये. चार-पाच वेळा फिरवून सोडून देत असणार. मग ते मागं पडणार आणि दुपारी बंदच पडणार. त्यात घड्याळाचा काय दोष?" मग जरा थांबून म्हणाले, "हात कसा आहे त्यांचा?"

"म्हणजे?"

"हात. अंगठा आणि हे बोट. कापतो का?"

मी काहीच बोललो नाही. बोलणार काय? मला माहीतच नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. घड्याळ पुन्हा रुमालात गुंडाळून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं.

"किती झाले?" मी विचारलं.

"काम केलंच नाही तर कसले पैसे? माझ्याकडे अशी बरीच घड्याळं येतात. पोरं म्हणतात, काका, मशीन बदला. तुम्ही आधी घरी जाऊन बघा."

...

मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि सगळं एकेक करून आठवायला लागलं.

दिवाळीत अण्णा चहा कपातून न पिता वाटीतून पीत होते, दोन्ही हातांनी धरून. मी म्हटलं होतं, "काय अण्णा, एकदम गावाकडचे झालात." ते हसले होते. शर्ट घालायचे सोडून टी-शर्ट घालायला लागले होते. आई म्हणाली होती, "गुंड्या लावायचा कंटाळा करतात." ह्यावरही आम्ही सगळे हसलो होतो आणि बायकोने त्यांच्यासाठी ऑनलाइन आणखी तीन टी-शर्ट मागवले होते. जानेवारीत बँकेने त्यांचा चेक परत पाठवला होता, सही जुळत नाही म्हणून. मी फोनवर चिडलो होतो, "अण्णा, सही नीट करा ना जरा. मला इथून किती फॉर्म भरावे लागतात." आणि घराच्या खर्चाची वही. अण्णांचं अक्षर टपोरं, रजिस्टर लिहून लिहून कमावलेलं. दिवाळीत त्या वहीत अक्षर मुंगीएवढं झालेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वाटलं, कागद वाचवतात.

आमच्याकडे सर्व्हर कोसळला की नंतर एक मीटिंग होते. त्यात नेहमी एकच गोष्ट निघते. लॉगमध्ये सगळं होतं. तीन आठवड्यांपासून प्रत्येक ओळ सांगत होती. वाचलं कुणीच नव्हतं.

कॉम्प्युटरचं घड्याळही चुकतं, हे फार लोकांना माहीत नसतं. दिवसाला एखाद-दोन सेकंद. ह्याला आम्ही 'ड्रिफ्ट' म्हणतो. एका मिनिटात काही कळत नाही, एका तासातही नाही, म्हणून तर ते वाईट. त्यावर डेव्हिड मिल्स नावाच्या प्राध्यापकाने १९८० च्या दशकात एक उपाय बसवला, एनटीपी नावाचा. तत्त्व अगदी साधं आहे. ज्याच्याकडे बरोबर वेळ आहे त्याला विचारत राहायचं. निरोप जायला-यायला किती वेळ लागला तो वजा करायचा, आणि चूक एकदम झटका देऊन नाही, हळूहळू दुरुस्त करायची. नेहमीच्या सेटिंगमध्ये मशीन ६४ सेकंदांनी विचारतं, सगळं ठीक असेल तर अंतर वाढवत १,०२४ सेकंदांपर्यंत नेतं. म्हणजे जास्तीत जास्त सतरा मिनिटं. सगळं ठीक असलं तरी विचारायचं. हे सोडायचं नाही.

माझ्या टीमचे दोनशे-अडीचशे सर्व्हर दर सतरा मिनिटांनी कुणाला तरी विचारतात, बरंय ना? आणि मी... जाऊ दे.

...

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकी घाटात ढग उतरले होते. सुरूर फाट्याला वळलो तेव्हा सात वाजले होते आणि गाडीच्या रेडिओवर सात-पाचच्या बातम्या लावायचा मी प्रयत्न केला. खरखर नुसती.

अण्णा पडवीत पेपर वाचत होते. मला बघून उठले. "एकटाच? काय झालं?" न सांगता गेलं की आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो.

"काही नाही. घड्याळ आणलंय."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला खाली बघावं लागलं. "झालं? किती घेतले?"

"काहीच नाही घेतले."

"का?"

वाटेत मी दोन-तीन वाक्यं तयार केली होती. प्रेझेंटेशनला करतो तशी. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "अण्णा, चावी देऊन दाखवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग त्यांनी चावी चिमटीत धरली. क्रर्र. अंगठा घसरला. पुन्हा धरली. क्रर्र. पुन्हा घसरला. उजवा हात थरथरत होता. जोरात नाही, पानावर थेंब पडल्यावर पान हलतं तेवढाच. पाचव्यांदा त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"घड्याळजी हुशार दिसतोय," अण्णा म्हणाले.

मी गप्प.

"मला वाटलं घड्याळच बिघडलंय." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं."

आतून आईचा आवाज आला, "मी दसऱ्यापासून सांगतेय डॉक्टरकडं चला. ऐकतंय कोण?" मला का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारणार होतो. मग माझं मलाच आठवलं की ती सांगायची. गुंड्या लावत नाहीत, असं सांगायची.

...

पुढचं थोडक्यात सांगतो. पुण्यात मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अण्णांना चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला लावली, एक वाक्य चार वेळा लिहायला लावलं. चौथ्या ओळीला अक्षर पहिल्या ओळीच्या निम्मं झालं होतं. मला वाटलं आता रक्त तपासतील आणि रिपोर्टमध्ये कळेल. पण डॉक्टर म्हणाले, हा आजार मुख्यतः बघूनच ओळखतात. पार्किन्सन. सुरुवातीचा आहे, औषधांनी बऱ्यापैकी आटोक्यात राहतो. बरा होत नाही.

घरी आल्यावर मी रात्री नेहमीप्रमाणे वाचत बसलो. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली ह्या आजारावर पहिल्यांदा नीट लिहिलं. फक्त सहा माणसांवरून. आणि त्या सहांतले सगळे त्याचे पेशंटही नव्हते, काहींना त्याने नुसतं रस्त्यात पाहिलं होतं. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या चालीकडे, हाताकडे तो थांबून बघत राहिला आणि त्याला ते दिसलं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला.

अण्णांनी मात्र हे सगळं भलत्याच रीतीने घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की ह्या गोळ्यांना वेळ फार महत्त्वाची, ठरलेल्या वेळी म्हणजे ठरलेल्या वेळी, आणि जेवणाबरोबर नाही, आधी. एवढं ऐकून अण्णा खुर्चीत ताठ झाले. वाईला परत गेल्यावर त्यांनी एक जुनं रजिस्टर काढलं आणि रकाने आखून घेतले, आईकडून. गोळी, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. "एक गाडी लेट झाली की पुढचं सगळं कोलमडतं," हे त्यांचं म्हणणं. गेल्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दुपारची ४ मि. उशिरा. कारण: शेजारचे आले होते.'

राहिला प्रश्न चावीचा. मी म्हटलं, अण्णा, सेलचं घड्याळ घेऊ. त्यांनी उत्तरच दिलं नाही. आई म्हणाली, मी देते चावी. तेही नाही. शेवटी त्यांचा त्यांनीच मार्ग काढला. घड्याळ डाव्या मुठीत घट्ट धरायचं, हात टेबलावर टेकवायचा आणि चावी दोन हप्त्यांत द्यायची. सकाळी सात-पाचला दहा आणि रात्री नऊला दहा. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, छान आहे, बोटांना व्यायाम होतो. अण्णांना वाटतं की हे तिने त्यांच्याकडून शिकून घ्यावं.

रात्री नऊला. म्हणजे फोनच्या वेळेला.

मी टेक्सासच्या टीमला सांगितलं, रोज नऊ ते सव्वानऊ मी कॉलवर नसेन. सांगायच्या आधी दोन दिवस मी मनात त्याची कारणं जुळवत होतो. "फॅमिली" एवढं म्हटल्यावर तिकडून "शुअर" आलं आणि पुढचा मुद्दा सुरू झाला. एवढंच. इतकी वर्षं मी ज्याला भिंत समजत होतो तो पडदा होता. माझ्याशिवायच्या त्या पंधरा मिनिटांत प्रोजेक्टचं आजवर काहीही वाकडं झालेलं नाही, हे जरा मनाला लागलंय, पण ते पुन्हा केव्हातरी.

फोनवर आम्ही फार काही बोलत नाही. पाऊस किती, धोम धरण किती भरलं, कन्या काय म्हणते, गोळी वेळेवर सुटली का. मग अण्णा फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतात, "थांब हं" म्हणतात आणि मग ऐकू येतं.

क्रर्र.

मधे बराच वेळ जातो. कधी घसरल्याचा आवाज येतो, कधी बारीकशी शिवी. मग पुन्हा क्रर्र. मी मोजत असतो. शेजारी बसून कन्याही मोजते, मोठ्याने. दहा झाले की ती टाळ्या वाजवते आणि पलीकडून अण्णा म्हणतात, "सुटली गाडी."

काल मात्र आठच झाले. "उरलेले दोन सकाळी देतो," असं म्हणाले. मी बरं म्हटलं. रजिस्टरमध्ये काय शेरा पडला ते आईला विचारायचंय.

आजच्या यादीत सात कामं होती, दोन झाली. नळ अजून गळतोय. बायको माझ्याकडे बघतेय आणि मी हे लिहीत बसलोय. चला, पाना शोधतो.